समुपदेशन मानसशास्त्रात सामाजिक न्यायावर भर देणारी पीएचडी अमेरिकेत करावी का?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यात समुपदेशनाचे एम.ए. झाले, त्यानंतर एका संस्थेतर्फे वस्तीत काम केले, आणि आता अमेरिकेतील सामाजिक न्यायावर भर देणाऱ्या समुपदेशन मानसशास्त्राच्या पीएचडीला अर्ज करण्याचा विचार आहे. परंतु तुमचे प्राध्यापक म्हणतात की तिथे शास्त्र कमी आणि चळवळ जास्त शिकवतात. मी अशीच पीएचडी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठातून केली आहे आणि आज तिथेच लायसन्स घेऊन काम करते. तुमच्या प्राध्यापकांचे हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

प्राध्यापकांचे म्हणणे चूक आहे. या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र, मापनशास्त्र, मूल्यमापन चाचण्या, सर्वसमावेशक परीक्षा, प्रबंध आणि शेवटची वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप यांतून कोणाचीही सुटका होत नाही. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील विभागाने शास्त्रज्ञ आणि व्यावसायिक या जुन्या जोडीला 'अ‍ॅडव्होकेट', म्हणजे क्लायंटच्या हक्कांची बाजू मांडणारा, ही तिसरी भूमिका जोडली, तेव्हा पहिल्या दोन्ही भूमिका जागच्या जागी राहिल्या. शिवाय सामाजिक न्याय हे या शाखेला मागाहून लावलेले ठिगळ नाही. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय काढले, ते स्थलांतरित आणि कामकरी घरांतील तरुणांसाठी होते, आणि समुपदेशन मानसशास्त्र आपले मूळ तिथेच सांगते. 2016 मध्ये मांडल्या गेलेल्या कामाच्या मानसशास्त्राच्या सिद्धांतात आर्थिक अडचणी आणि समाजाच्या कडेला ढकलले जाणे हे मोजता येणारे घटक आहेत. त्यांच्या मोजपट्ट्या तयार झाल्या आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. याला चळवळ म्हणायचे असेल तर शास्त्र कशाला म्हणायचे, हे प्राध्यापकांनीच सांगावे.

पण 'शास्त्र की चळवळ' हा वाद खरोखर कुठे पेटतो, हे मी वर्गात अनुभवले नाही. ते प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष क्लायंटसोबत करायच्या कामात अनुभवले. तो प्रसंग सविस्तर सांगते, कारण तुम्हाला ज्या निर्णयाला सामोरे जायचे आहे त्याचा गाभा त्यात आहे. संबंधित व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात प्रॅक्टिकम करत होते. प्रत्येक सत्राचे चित्रीकरण होई आणि दर आठवड्याला पर्यवेक्षक ते पाहून चर्चा करत. महाराष्ट्रातून आलेला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. रात्री झोप लागत नाही, प्रयोगशाळेत मन लागत नाही, शैक्षणिक सत्र बुडेल की काय अशी धास्ती वाटते, असे त्याने अर्जात लिहिले होते. खरी गोष्ट तिसऱ्या सत्रात बाहेर आली. तो विद्यापीठाबाहेरच्या एका घरात इतर भारतीय विद्यार्थ्यांबरोबर राहत होता. पहिल्याच आठवड्यात त्याला आडनाव विचारले गेले. आडनाव गावावरून आलेले, 'कर' लागलेले, त्यामुळे विचारणाऱ्याचे समाधान झाले नाही. मग गाव कोणते, वडील काय करतात, घरी कोणते देव आहेत, असे प्रश्न आले. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. फक्त स्वयंपाकाच्या पाळीतून त्याचे नाव गळाले, त्याची भांडी वेगळ्या फळीवर गेली आणि दिवाळीच्या जेवणाचे बेत ज्या ग्रुपवर ठरले त्यात तो नव्हता. "मॅडम, त्यांनी मला एक शब्दही वाईट बोललेला नाही," असे तो म्हणाला आणि बराच वेळ गप्प राहिला.

हे चित्रीकरण पाहिल्यावर माझ्या पर्यवेक्षकांचे मत असे पडले की हा विद्यार्थी इतरांच्या मनातले ओळखल्याचा दावा करतो आहे, आणि दुसऱ्याच्या मनातले वाचणे ही विचारांची नेहमीची विकृती आहे. त्यांनी मला विचारनोंदीचा तक्ता द्यायला सांगितला: एका रकान्यात समजुतीच्या बाजूचा पुरावा, दुसऱ्यात विरुद्ध बाजूचा, आणि शेवटी अधिक समतोल विचार. त्या अनुभवी आणि मनाने चांगल्या होत्या. वंशभेदावरचा विषय त्या स्वतः शिकवत. आशियाई वंशाच्या अमेरिकी माणसाला "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारणे हा मायक्रोअ‍ॅग्रेशनचा, म्हणजे बोलण्या-वागण्यातून अनेकदा नकळत होणाऱ्या छोट्या अपमानाचा नमुना म्हणून डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये नोंदवला आहे, तो लेख आम्हाला त्यांनीच वाचायला लावला होता. मात्र "तुमचे आडनाव काय?" हा प्रश्न तेच काम करतो, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी मला पुरावा मागितला.

पुरावा माझ्याजवळ होता. आडनावावरून भागले नाही की गाव विचारायचे, गावावरून भागले नाही की वडिलांचा व्यवसाय विचारायचा, ही साखळी मी लहानपणापासून माझ्या घराच्या ओसरीवर ऐकली आहे. हे प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरात मी वाढले. प्रश्न कशासाठी असतो आणि उत्तर मिळाल्यावर आतल्या खोलीत काय बोलले जाते, हे मला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. पर्यवेक्षकांनी मात्र माझ्या मूल्यमापनात लिहिले की प्रशिक्षणार्थीला सांस्कृतिक जवळिकीमुळे क्लायंटपासून आवश्यक अंतर राखता येत नाही, आणि केसच्या मांडणीसाठी अपेक्षेपेक्षा कमी श्रेणी दिली.

ती श्रेणी मला मान्य नव्हती आणि आजही नाही. उपचारकाच्या स्वतःच्या भावना क्लायंटवर लादल्या जाणे वेगळे आणि क्लायंट ज्या जगात राहतो त्या जगाची माहिती उपचारकाला असणे वेगळे. पहिल्यावर पर्यवेक्षण हवे, दुसऱ्याचा उपयोग करून घ्यायला हवा. गोऱ्या उपचारकाला आपल्या समाजातील मद्यपानाच्या रीतीभाती ठाऊक असतात म्हणून कोणी त्याची श्रेणी कमी करत नाही. तंत्राच्या बाजूनेही माझे म्हणणे पक्के होते. कि. मो. फडके यांच्यामुळे विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात परिचित आहे आणि तुम्हीही तो शिकला असाल. त्या पद्धतीत घटना खरी धरून चालायचे असते आणि काम करायचे असते ते घटनेबद्दलच्या हट्टी समजुतीवर. अ‍ॅरन बेक यांच्या बोधनिक उपचारपद्धतीत, जिच्यातून तो विचारनोंदीचा तक्ता येतो, पुरावा तपासतात हे खरे. पण पुरावा म्हणून काय चालते हे ठरवण्याचा अधिकार ज्याला ते जग ठाऊक नाही त्याच्याकडे गेला, तर तपासणी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. जातीचा विषय अमेरिकी विद्यापीठांना नवा आहे, असेही मला सांगण्यात आले. डॉ. आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध कोलंबिया विद्यापीठात मे 1916 मध्ये वाचला होता.

मी तक्ता दिला नाही, आणि का दिला नाही हे पर्यवेक्षकांना लेखी कळवले. त्या विद्यार्थ्याला मी विचारले की त्याला काय हवे आहे. हा साधा प्रश्न वाटेल, परंतु या प्रशिक्षणाचे सार मला त्यातच दिसते. बॉस्टन कॉलेजमधील प्राध्यापकांनी 2004 मध्ये अशा प्रशिक्षणाची सहा तत्त्वे मांडली. त्यांत स्वतःची सतत तपासणी करणे आणि सत्ता वाटून घेणे ही दोन आहेत. सत्ता वाटून घ्यायची म्हणजे आपल्याला कितीही संताप आला तरी तक्रार करायची की नाही हे क्लायंटने ठरवायचे. त्याने तक्रार नको म्हटले. त्याचा एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा, त्याच घरातल्या एकाशी असलेला प्रयोगशाळेचा संबंध, आणि घरी आई-वडिलांपर्यंत गोष्ट जाण्याची भीती, ही कारणे पुरेशी होती. शिवाय त्या काळी विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेखच नव्हता. ब्रँडाइस विद्यापीठाने तो डिसेंबर 2019 मध्ये केला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी 2022 मध्ये, आणि सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये. आमचा प्रसंग त्या सगळ्याच्या आधीचा. त्याला घर बदलायचे होते, भाडेकरारातून सुटायचे होते आणि झोप हवी होती. करारासाठी मी त्याला विद्यार्थ्यांच्या कायदा साहाय्य कार्यालयात नेले. झोपेसाठी निद्रानाशावरचे वर्तनोपचार काटेकोर वापरले: अंथरुणात फक्त झोपायचे, झोप येत नसेल तर उठायचे, उठण्याची वेळ रोज एकच, आणि झोपेची रोजनिशी. नव्या घरात गेल्यावर त्याची झोप सुधारली. ती तंत्रामुळे की घर बदलल्यामुळे, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की दोन्ही एकाच उपचाराचे भाग होते.

श्रेणीविरुद्ध मी अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षण समितीकडे गेले. श्रेणी बदलली नाही. मात्र केंद्राच्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये एक खुला प्रश्न आला: तुमच्या समाजात माणसांना वर-खाली ठरवणारी कोणती गोष्ट आम्हाला ठाऊक असणे तुम्हाला गरजेचे वाटते? पुढे दक्षिण आशियाबाहेरच्या विद्यार्थ्यांनीही तो प्रश्न भरून दिलेला मी पाहिला.

माझ्या पिढीतले अनेक भारतीय मानसशास्त्रज्ञ अजून म्हणतात की उपचाराच्या खोलीत समाज आणू नये, समाज बदलण्यासाठी इतर लोक आहेत. हे म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो मी सोडणार नाही. समाज खोलीत आधीच आलेला असतो. क्लायंट तो घेऊन येतो आणि उपचारकही. त्याचे नाव न घेता उपचार केला की क्लायंटच्या वाट्याला एवढेच येते की दोष त्याच्या विचारांत आहे. तुमच्या प्राध्यापकांची भीती अशी असेल की क्लायंटला आपल्या मताचे करून सोडले जाईल, तर ती भीती रास्त आहे, आणि तसे करणारे प्रशिक्षणार्थी मी पाहिले आहेत. त्यावरचा उपाय चांगले पर्यवेक्षण हा आहे. विषयच टाळल्याने ते साधत नाही.

आता ज्या गोष्टी कदाचित आधी सांगायला हव्या होत्या, त्या. खर्चाची बाजू पीएचडीत बरी असते, कारण बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांत सहायकपदामुळे शुल्क माफ होते आणि मानधन मिळते, साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही वेगळी पदवी आहे आणि तिचे शुल्क सहसा स्वतः भरावे लागते, म्हणून दोन्हींची गल्लत करू नका. इंटर्नशिप अर्जदार आणि केंद्रे यांच्या पसंतीक्रमांवरून होणाऱ्या देशव्यापी जुळणीतून मिळते, आणि माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील जागा अमेरिकी नागरिकांपुरत्या असतात. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला ती मोठी दारे बंद असतात, हे आधीच धरून चाला. 2025 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए), अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अधिस्वीकृती मंडळाने विविधतेसंबंधीच्या निकषांची अंमलबजावणी तूर्त स्थगित केली, त्यामुळे संकेतस्थळावर जे लिहिले आहे ते आज वर्गात कितपत शिकवले जाते, हे तिथल्या विद्यार्थ्यांना थेट विचारा. परत यायचे असेल तर हेही लक्षात घ्या की या पदवीमुळे भारतीय पुनर्वास परिषदेची (आर.सी.आय.) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आपोआप मिळत नाही. आणि वस्तीतले काम अधिक चांगले करणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे शिक्षण आहे, मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) व्यक्तींसोबतच्या समुपदेशनाचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पाच-सहा वर्षे परदेशात घालवण्याची गरज नाही. संशोधन करायचे असेल, किंवा इतरांना शिकवायचे आणि त्यांचे पर्यवेक्षण करायचे असेल, तर जरूर जा.

मुलाखतीला बोलावले तर तिथल्या प्राध्यापकांना त्यांच्या वाचनयादीबद्दल विचारू नका, ती सगळीकडे चांगलीच असते. विचारा की क्लायंटच्या ज्या अनुभवाची पर्यवेक्षकाला काहीच माहिती नाही, तो प्रशिक्षणार्थीने मांडला तर मूल्यमापन कोण करते, आणि त्या श्रेणीविरुद्ध प्रशिक्षणार्थीला दाद कुठे मागता येते.