तास मोजू नकोस, कारण लिही

प्रिय पोरी,

बीजीएमआय या फोनवरच्या लढाईच्या गेमबद्दल तू लिहिलेल्या एवढ्या मोठ्या पत्रात प्रश्न एकच आहे, आणि तोच चुकला आहे. 'बीजीएमआयनं माझा मेंदू सडतोय की तल्लख होतोय?' एक व्हिडिओ सडतो म्हणतो, दुसरा तल्लख होतो म्हणतो, आई म्हणते अशानं मुलं हिंसक होतात; आणि तू सेमिस्टर तोंडावर आलेलं असताना गेम काढून टाकतेस, पुन्हा डाउनलोड करतेस, पुन्हा काढतेस. तुझ्या कामाचा प्रश्न याहून खूप लहान आहे. आत्ता, या मिनिटाला, तू त्या गेमकडे परत का चालली आहेस? तास मोजू नकोस, कारण लिही. पुढेही मी हेच सांगणार आहे, तुला कंटाळा आला तरी.

आईची भीती आधी बाजूला ठेवू. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 14 आणि 15 वर्षांच्या 1004 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणता गेम किती हिंसक, हे अधिकृत मानांकनावरून ठरवलं होतं आणि मुलांचं वागणं कसं आहे, ते पालकांना विचारलं होतं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. तल्लखपणाचं म्हणशील, तर 2003 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात, गेम न खेळणाऱ्यांना रोज एक तास असं दहा दिवस अ‍ॅक्शन गेम खेळायला लावल्यावर त्यांची नजरेची चपळाई खरोखर वाढली होती. पण कडेला काहीतरी हललेलं पटकन टिपणं वेगळं आणि फार्माकॉलॉजीचं प्रकरण अर्धा तास सलग वाचणं वेगळं. पहिलं सुधारलं म्हणून दुसरं आपोआप सुधारत नाही. दोन्ही व्हिडिओवाल्यांनी तुझ्यापासून एवढीच गोष्ट लपवली.

आता तासांकडे ये. 'रोज किती तास चालतील?' असं तू तीन ठिकाणी विचारलं आहेस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डरची व्याख्या आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. त्यातून घर, अभ्यास, काम यांची ठळक हानी होणं. आणि हे साधारण बारा महिने दिसणं. त्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. चीननं 2019 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना सुट्ट्या सोडून रोज दीड तासाची मर्यादा घातली. नंतर 7 अब्ज तासांच्या खेळाची नोंद तपासली गेली, तेव्हा अतिखेळ कमी झाल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. आपण मोठ्या माणसांनी या घड्याळापायी कितीतरी वर्षं वाया घालवली याची मला खंत आहे. मुलं तास लपवायला शिकली, आणि कारण कुणी विचारलंच नाही.

तर गेम तुला परत कसा बोलावतो ते बघ. एका मॅचमध्ये शंभर खेळाडू, चार-चारचे पंचवीस गट, म्हणजे स्क्वॉड. सगळे सारखेच तयारीचे धरले, तर चिकन डिनर मिळण्याची, म्हणजे मॅच जिंकण्याची, शक्यता पंचविसात एक. पंचवीस मॅच खेळूनही एकदासुद्धा न जिंकण्याची शक्यता 36 टक्के येते. म्हणजे 'आता पुढची नक्की' या भावनेला गणिताचा आधार नाही. पण मन गणितानं चालत नाही. बक्षीस कितव्या खेपेला मिळेल हे कळत नसलं, की प्राणी सर्वांत चिकाटीनं कळ दाबत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर दाखवलं होतं. त्यात दुसऱ्या क्रमांकावर हरलीस की 'जवळजवळ जिंकलेच होते' असं वाटतं आणि बोट आपोआप पुढच्या मॅचवर जातं. क्रेटचंही, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या बक्षिसाच्या पेटीचंही, हेच. एखादा स्किन, म्हणजे बंदुकीचा किंवा पात्राचा नवा साज, एक टक्का शक्यतेचा असेल, तर शंभर क्रेट उघडूनही सुमारे 37 टक्के लोकांच्या हाती तो लागत नाही. प्रत्येक क्रेट नवा असतो, मागचे रिकामे गेले म्हणून पुढचा भरलेला निघत नाही. यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घेण्याआधी रुपयांतला आकडा कागदावर लिही. पैशाला दुसरं नाव दिलं की ते खर्च करताना दुखत नाही, म्हणून ते नाव आहे.

आणि गेम काढून टाकून काय होतं? काहीच नाही. तुझं खातं, रँक, फ्रेंड लिस्ट सगळं सर्व्हरवर जसंच्या तसं असतं. वर, बऱ्याच गेममध्ये काही दिवसांनी परतणाऱ्याला बक्षिसं देतात. काढून टाकणं हा निर्णय वाटतो, पण कारण जागच्या जागी असतं.

म्हणून वही घे. फोनमधली नोट नको, फोन हातात घेतला की संपलं. गेम उघडण्याआधी वेळ आणि एका ओळीत कारण लिही. खेळून झाल्यावर दुसरी ओळ: जे हवं होतं ते मिळालं का? चौदा दिवस. 'टाइमपास' हा शब्द चालणार नाही, त्याच्याआड सगळं लपतं. आणि कारण आधीच लिहायचं. खेळून झाल्यावर लिहिलेलं कारण नेहमी सोज्वळ निघतं.

बहुतेक ओळी चार ढिगांत पडतील. शिकायला गेलीस, मैत्रिणींसाठी गेलीस, काहीतरी हातचं जाईल या भीतीनं गेलीस, किंवा कशापासून तरी पळून गेलीस. पहिल्या दोन ढिगांबद्दल मला तक्रार नाही. शिकायचं असेल तर नीट शीक: ट्रेनिंग ग्राउंडवर पंधरा मिनिटं एकाच बंदुकीचा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा झटका, सांभाळणं, मग एक मॅच, मग आपण कुठे आणि का मेलो ते बघणं. स्ट्रीमरचे क्लिप बघून शिकणं होत नाही. त्यात हरलेल्या मॅच कापलेल्या असतात आणि तुला आपलं रोजचं हरणं विचित्र वाटू लागतं. मैत्रिणींसाठी असेल तर मिनिटं ठरवू नकोस, मॅच ठरव. मधेच सोडून गेलं की स्क्वॉड अडकतो, म्हणून गजर झाला तरी कुणी उठत नाही. मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्धा तास जातो. अकराला झोपायचं असेल तर शेवटची मॅच सव्वादहाला सुरू व्हायला हवी. हे स्क्वॉडला खेळायला बसण्याआधीच सांग. मुलं शिव्या देतात म्हणून तू माइक बंद ठेवतेस असं लिहिलंस. मग अनोळखी लोकांबरोबर खेळताना 'मैत्रीसाठी' हे कारण लिहू नकोस. तिथे मैत्री नाही.

तिसऱ्या ढिगाची मला खरी चीड आहे. रोजचं लॉगिन, रॉयल पास या सीझनभराच्या पासची ठरावीक कामं, म्हणजे मिशनं, सीझन बदलला की खाली येणारी रँक: इथे खेळायची इच्छा तुझी नसते, तारीख गेमची असते. अशा ओळी निम्म्याहून जास्त निघाल्या, तर नोटिफिकेशन पूर्ण बंद कर आणि एका सीझनपुरता तरी पास घेऊ नकोस, मिशनं अर्धवट राहू देत. पहिले काही दिवस जीव कासावीस होईल, मग त्या मिशनांचं काहीच वाटेनासं होईल.

चौथा ढीग सर्वांत अवघड. 'व्हायवाची भीती वाटते' असं कारण आलं, तर आधी दहा मिनिटं तेच काम कर, अगदी वाईट कर, आणि मग हवं तर खेळ. हरल्याच्या रागात लगेच पुढची मॅच लावायची नाही. उठ, पाणी पी, कारण पुन्हा लिही. तो राग हेसुद्धा कारणच आहे, लिहून टाक.

मी गेमची वकिली करते असं काही पालक म्हणतात. म्हणू देत. 'बंद कर' म्हणणं सोपं आहे आणि ऐकणाऱ्याला त्यातून स्वतःबद्दल काहीही कळत नाही, म्हणून मी ते म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. मात्र झोप, जेवण, वर्ग सुटत चालले असतील, किंवा पैशाबद्दल घरी खोटं बोलावं लागत असेल, तर वहीवर थांबू नकोस. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, तिथे मराठीत बोलता येतं आणि ते चोवीस तास चालू असतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत याच त्रासासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे.

गेम पुन्हा काढून टाकलास की ठेवलास, हे मला कळवू नकोस. चौदा दिवसांची पानं पाठव. ज्या दिवशी लिहायचं राहिलं ती जागा कोरीच ठेव, मागाहून भरू नकोस. कोणत्या दिवशी लिहायचं टाळलंस, तिथूनच आपण बोलायला सुरुवात करू.