रुईवरचा रंगीत किडा: नाकतोडा की टोळ?

प्रश्न असा आला आहे: माळावर रुईच्या झुडपावर बोटाएवढा, अंगावर पिवळे-निळे पट्टे असलेला किडा दिसला. घरात कोणी त्याला टोळ म्हणालं, कोणी नाकतोडा. खरं काय?

नाकतोडाच म्हणा. रुई आणि हे रंग, एवढ्यावर ओळख जवळपास पटते. शास्त्रीय नाव पोइकिलोसेरस पिक्टस. पुढचे पंख हिरवट, त्यांवर पिवळे ठिपके. रुईचा चीक विषारी. तिची पानं खाऊन हा स्वतःच पक्ष्यांना नकोसा होतो. म्हणून रंग लपवत नाही आणि आपण जवळ गेलो तरी फारशी घाई करत नाही. याचं पिल्लू मात्र चिमटीत धरू नका. पाठीतून द्रवाची पिचकारी उडते, चांगली दोनेक इंच लांब!

टोळही मुळात नाकतोड्यांपैकीच, पण थवा करणारा. वाळवंटी टोळ एकटा असताना निरुपद्रवी असतो. गर्दीत इतर टोळ मागच्या पायांना सारखे घासू लागले की त्याचा स्वभाव बदलतो, पुढे रंगही. मराठीने हा फरक नेमका पकडला आहे. टोळधाड आपण सहज म्हणतो, टोळभैरवही म्हणतो. पण भातावर कितीही नाकतोडे पडले तरी त्यांना कुणी टोळ म्हणत नाही. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे आली ती खरी टोळधाड. त्याच सुमारास तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यात लोक घाबरले ते रुईवरच्या या नाकतोड्यांना पाहून. नाव चुकलं की अशी धावपळ होते, म्हणून टोळ हा शब्द थव्यासाठीच राखावा असं मला मनापासून वाटतं.

नाकतोडा हा शब्दही आपण सैल वापरतो. रात्री दिव्यावर येणारा, पानासारखा हिरवा आणि अंगापेक्षा लांब मिशांचा किडा रातकिड्यांच्या गोतावळ्यातला. पुढचे पाय जोडून बसतो तो तर प्रार्थना कीटक, त्याला नाकतोडा म्हणणं साफ चूक. तुमच्या किड्याच्या मिशा आखूड असतील, तर शंका उरत नाही. फोटो काढाल तेव्हा मिशा आणि झाड, दोन्ही त्यात येऊ द्या.