वजनकाटा, वरणाचे पाणी आणि नवरात्राचा उपवास

प्रश्न : माझे वय ३९ असून मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहते. तीन आठवड्यांपूर्वी माझी वजन कमी करण्याची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरले, पण गेल्या आठ दिवसांत काटा जागचा हललेला नाही. दिवसभर वरणाचे पाणी, शहाळे आणि ताक घेते, तरी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे घट बसतील. नऊ दिवसांचा उपवास मी लग्नापासून कधी मोडलेला नाही आणि अष्टमीला आम्ही वणीच्या गडावर जातो. सासूबाई म्हणतात, उपवासाने वजन उतरेलच. काय करावे?

उत्तर : ताई, काट्याचा प्रश्न सर्वांत कमी काळजीचा आहे, म्हणून तो आधी संपवू. पहिल्या दिवसांत उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, खर्च होते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. पुढे शरीर पाणी पुन्हा धरू लागले की चरबी घटत असूनही वजन काही दिवस स्थिर दिसते. बहुतेकांचा काटा याच सुमारास अडतो. वजन आठवड्यातून एकदाच करावे.

अंधारी येणे मात्र अंगावर काढू नये. पाणी कमी पडणे हे तिचे नेहमीचे कारण असते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू असतील तर तेही असू शकते. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून रक्तदाब तपासून घ्यावा. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो आणि उरलेल्या अरुंद नळीत पेलाभर पाणी एका दमात उतरत नाही. त्यावर उपाय घोटाघोटाचाच आहे : दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी घेतले, तर जागेपणीच्या तेरा तासांत दीड लिटर सहज होते. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये.

दुसरी उणीव प्रथिनांची दिसते. वरणाचे पाणी आजारपणात पथ्याचे म्हणून घरोघरी दिले जाते, पण डाळीतले प्रथिन खाली बसलेल्या डाळीत राहते, वरच्या पाण्यात फारसे उतरत नाही. शहाळ्यात तर ते जवळजवळ नसतेच. तुम्हाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ, घोटलेला आहार सहसा सुरू होतो, तेव्हा आहारतज्ज्ञांच्या संमतीने मुगाची डाळ पूर्ण शिजवून मिक्सरमधून काढावी, घट्ट दही, कुस्करलेले पनीर आणि चालत असल्यास मऊ अंडे घ्यावे. पेलाभर दुधात जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रथिने असल्याने दुधात मिसळायची प्रथिनांची भुकटी सध्या टाळता येणार नाही. प्रत्येक घास बारीक चावून खावा आणि छातीत दाटल्यासारखे वाटताच थांबावे, मग वाटीत कितीही उरलेले असो.

यंदा उपवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जखम भरायला लागणारी प्रथिने उपवासाने कमी पडतात, आणि त्यातून उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगावे. साबुदाणा चिकट, पिठूळ आणि प्रथिनांच्या दृष्टीने पोकळ असतो. शेंगदाणे आणि तळलेले पदार्थ या टप्प्यावर चालणार नाहीत. नेम राखायचाच असेल, तर दूध, दही आणि पनीर उपवासाला चालतेच, मात्र तेही नेहमीच्या वेळांना घ्यावे आणि पाणी व औषधे एकाही दिवशी चुकवू नयेत.

गडाचे म्हणाल, तर फ्युनिक्युलर ट्रॉलीने पायऱ्या वाचतात, पण अष्टमीची गर्दी आणि तासन्तासची रांग वाचत नाही. शिवाय गाडीत लांब बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका या आठवड्यांत अधिक असतो. घरातल्या घरात मात्र दिवसातून अनेकदा चालावे. घटासाठी मातीची टोपली किंवा पाण्याची कळशी उचलणे दुसऱ्यांवर सोपवावे.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, विश्रांतीतही १२० च्या वर राहणारी नाडी, धाप किंवा एका पोटरीची सूज, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वारंवार उलटी होऊन पाणीही टिकत नसेल, तर थायमिन या जीवनसत्त्वाची उणीव लवकर निर्माण होते आणि तिचा परिणाम थेट मेंदूवर होऊ शकतो.

प्रश्न : माझी वजन कमी करण्याची 'बायपास' पद्धतीची (जठर लहान करून ते आतड्याला जोडण्याची) शस्त्रक्रिया दोन आठवड्यांपूर्वी झाली. साखर एकदम उतरली आहे. मधुमेहाच्या गोळ्या मी स्वतःच बंद करू का? (वय ५२, नाशिकरोड)

उत्तर : स्वतःहून बंदही करू नयेत आणि जुन्या मात्रेत चालूही ठेवू नयेत. आहार घटल्याने आणि आतड्यातील संप्रेरके बदलल्याने वजन फारसे उतरण्यापूर्वीच साखर खाली येते. अशा वेळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीइतकेच घेतल्यास साखर धोकादायक पातळीला घसरू शकते. दिवसातून किमान दोनदा साखर मोजून नोंदी ठेवाव्यात आणि मात्रा डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्यावी. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मुळीच घेऊ नये, कारण आतड्याच्या नव्या जोडाशी व्रण होऊ शकतो.