एपीआय टेस्टिंग लायब्ररीत रिट्रायची सोय घालावी का?

तुमचा प्रश्न असा, की फेल झालेली रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवण्याची सोय काही जण मागतायत, तर ती लायब्ररीत घालावी का. डीफॉल्ट म्हणून तर अजिबात नको.

साध्या एचटीटीपी क्लायंटमध्ये रिट्राय कामाचा असतो. टेस्टिंग लायब्ररीचं काम मात्र बिघाड दाखवायचं. तीनदा विचारल्यावर एकदा ५०० (सर्व्हरमधल्या बिघाडाचा कोड) देणारा सर्व्हर रिट्रायमुळे हिरवा, म्हणजे पास, दिसला, तर तुम्हीच बग झाकलात. शिवाय रिक्वेस्टच्या प्रकारांपैकी गेट, पुट, डिलीट आयडेम्पोटंट मानले जातात, म्हणजे पुन्हा पाठवले तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा; पोस्ट नाही. पहिली रिक्वेस्ट पोचली आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर दुसऱ्यांदा पाठवल्यावर दोन ऑर्डरी तयार. मग पुढची टेस्ट भलत्याच कारणाने पडते आणि बसा शोधत!

आधी मागणाऱ्यांना विचारा, नेमकं कुठे अडतंय. माझ्या अनुभवात अनेकांना रिट्राय नकोच असतो. २०२ (विनंती स्वीकारली, काम अजून बाकी) मिळाल्यावर मागचं काम पूर्ण होईपर्यंत थांबायचं असतं. ही गरज खरी आहे, पण ते झालं पोलिंग, म्हणजे काम झालं का हे ठरावीक वेळाने विचारत राहणं. त्यासाठी वेगळं फंक्शन द्या, टाइमआउट सक्तीचा ठेवून.

लायब्ररीत हुक (स्वतःचा कोड जोडायच्या जागा) असतील तर वापरणारा रिट्राय स्वतः लिहू शकतो. डॉक्युमेंटेशनमध्ये एक उदाहरण टाका. एकदा दिलेला पर्याय काढायचा, तर सेमव्हरनुसार (व्हर्जन क्रमांक देण्याचे नियम) मेजर व्हर्जन वाढवावं लागतं. तरीही घालायचंच ठरलं तर फक्त ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) आणि ५०३ (सेवा तात्पुरती बंद) साठी, किती वेळाने पुन्हा पाठवायचं हे सांगणारं रिट्राय-आफ्टर हेडर पाळून. आणि टेस्ट कितव्या प्रयत्नात पास झाली, हे रिपोर्टमध्ये दिसलंच पाहिजे.