वाचनाची पंधरा मिनिटे आणि त्यानंतर

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत रोज 15 मिनिटे वाचन सुरू केले आहे; परंतु मुले नुसती पाने उलटतात. काय करावे?

उत्तर : इंडोनेशियात 2015 च्या नियमानुसार पाठापूर्वी 15 मिनिटे अवांतर वाचनाची प्रथा आली; मात्र तेथील आराखड्यातही ती पहिलीच पायरी असून, पुढे वाचलेल्यावर चर्चा आणि अखेरीस सर्व विषयांच्या अध्यापनात वाचनाचा समावेश अपेक्षित आहे. पुस्तक मुलांनाच निवडू द्यावे, आणि त्या वेळी शिक्षकांनीही वाचावे (हजेरीपट भरणे हे वाचन नव्हे). या वयात बहुतेकांची अडचण अक्षरांची नसून आशयाची असते. म्हणून प्रयोगाचे वर्णन किंवा ऐतिहासिक साधन कसे वाचावे, कोठे थांबून शंका घ्यावी, हे त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवावे. अडखळत वाचणाऱ्यांसाठी लहान गटात वेगळा सराव ठेवावा.