तक्ता आधी, आलेख मागाहून

प्रश्न : शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे. वर्षभराच्या विक्रीची एक्सेल फाइल चॅटजीपीटीला देऊन महिनावार तक्ता मागितला. ३ एप्रिलची विक्री मार्चमध्ये गेली आणि एकूण बेरीजही टॅलीशी (हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी) जुळत नाही. असं का?

यात दोन वेगळे घोळ आहेत. ०३/०४ ही तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली तर ४ मार्च होते. १३ तारखेपासून पुढे असा गोंधळ होऊच शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून बऱ्याच तारखा बरोबर दिसतात आणि चूक पहिल्या बारा दिवसांत लपते. फाइल देतानाच ‘तारीख दिवस-महिना-वर्ष अशी वाच’ हे लिहा.

दुसरा घोळ बेरजेचा. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द अंदाजाने मांडतं. लांबलचक बेरीज त्याच्यावर सोडू नये. पायथॉन या संगणकी भाषेतला प्रोग्राम मात्र खरोखर बेरीज करतो. ‘पायथॉनचा प्रोग्राम चालवून बेरीज कर, किती ओळी वाचल्यास आणि किती सोडल्यास ते सांग’ असं सांगा. १,२५,००० सारखी स्वल्पविराम असलेली रक्कम कधी कधी मजकूर म्हणून वाचली जाते आणि बेरजेतून गळते. टॅलीतल्या रकमेशी ताळा बसेपर्यंत आलेख मागूच नका. एकदा रंगीत चित्र समोर आलं की आकडे तपासायचं कुणाच्या मनात येत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

प्रश्न : उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. रिजेक्शनचा, म्हणजे बाद नगांचा आलेख काढला, तर सर्वात जास्त काम झालेला महिनाच सर्वात वाईट दिसतो. कामगार नाराज झालेत.

त्यांची नाराजी रास्त आहे. २,००० कास्टिंगपैकी (ओतीव नगांपैकी) ४० बाद झाले तर प्रमाण २ टक्के. ६०० पैकी ३० बाद झाले तर ५ टक्के. नुसते नग मांडले की पहिला महिना वाईट दिसतो, खरा वाईट दुसरा आहे. चॅटला फक्त ‘रिजेक्शनचा चार्ट दे’ म्हटलं की तो नगच मांडण्याची शक्यता जास्त. ‘बाद नग भागिले एकूण नग, टक्क्यांत, महिनावार रेषालेख’ असं स्पष्ट मागा. शिवाय ब्लोहोल (वायूची पोकळी), वाळू, श्रिंकेज (धातू आकसणं) अशा कारणांचा परेटो आलेख घ्या : मोठं कारण आधी, सोबत बेरजेने चढत जाणाऱ्या टक्केवारीची रेषा. कशाला आधी हात घालायचा ते त्यातून कळतं. कारणं बरीच असतील तर गोल पाय चार्ट नकोच. जवळजवळच्या फाकांतला फरक डोळ्यांना समजत नाही.

प्रश्न : निपाणीच्या दुकानातल्या उधारीच्या वहीचे फोटो चालतील का? आलेखात मराठी नावांऐवजी चौकोन येतात.

फोटो चालतात, पण हाताने लिहिलेले १ आणि ९ सहज बदलतात. आपल्या बेळगाव भागात एकाच वहीत मराठी आणि कन्नड अंकही असतात. म्हणून तक्ता वहीशी ओळीने पडताळा. चौकोन येतात कारण आलेख काढणाऱ्या प्रोग्रामच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते. फाँट दिला तरी जोडाक्षरं बिघडू शकतात. तक्ता एक्सेलमध्ये उतरवून आलेख तिथेच काढा.

प्रश्न : खानापूरच्या आमच्या बचत गटाच्या ग्राहकांचे फोन नंबर यादीत आहेत. तशीच द्यावी का?

नाही. नाव-नंबरांचे रकाने काढून ‘ग्राहक १, ग्राहक २’ करा. मूळ यादी गटाकडेच राहू द्या. आलेखाला नंबर लागतच नाहीत. आपला मजकूर मॉडेल शिकवायला वापरू न देण्याचा पर्याय चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आहे, तोही निवडा.