हे खरे आहे काय?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळा सोडून निवडणुकीला उभं राहायचं तुझ्या मनात घोळतंय आणि घरचे म्हणतात, सरकारी नोकरी कुणी सोडतं का? मी अठरा वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो आणि मग विधान परिषदेत गेलो. मी तुला अडवणार नाही. फक्त घाई करू नकोस.

नियम आधी बघ. विधानसभेला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, परिषदेला ३०. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेस, म्हणजे आधी राजीनामा. मी खासगी अनुदानित शाळेतला, मला रजेवर जाता आलं. आणखी एक गोष्ट मला आजही खुपते. ७८ जणांच्या विधान परिषदेत शिक्षकांचे ७ आमदार, पण त्यांना मत द्यायचं माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनी. मुलांना बाराखडी गिरवायला लावणाऱ्या तुला तिथे मतच नाही! उभं राहायला मात्र आडकाठी नाही.

आता माझी चूक सांगतो. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' शाळांचं धोरण आलं, म्हणजे शाळेला मान्यता, पण सरकारी अनुदान कधीच नाही. २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला, तरी पहिलं वीस टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडलं. त्या मधल्या वर्षांत मी माझा पहिला तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. साचा ठरलेला असतो: अमुक शिक्षक वेतनाविना काम करीत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? छापील उत्तर आलं, 'अंशतः खरे आहे.' उपप्रश्नाला उठलो तेव्हा माझ्या हातात एकाही शाळेचं नाव नव्हतं. होतं ते नुसतं भाषण. दोन मिनिटांत पुढचा प्रश्न पुकारला गेला.

संध्याकाळी नागपूरच्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर गेलो. अधिवेशनावर आलेला बिनपगारी शिक्षकांचा मोर्चा तिथे अडवलेला, डिसेंबरची थंडी. रात्री पेट्रोल पंपावर काम करून दिवसा गणित शिकवणारा एक मुलगा सतरंजीवर बसला होता. त्याने उत्तराचा कागद वाचला आणि विचारलं, "सर, अंशतः म्हणजे नेमका कोणता अंश?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री वही घातली. शाळा, गाव, मान्यतेची तारीख, शिक्षक किती, किती वर्षं बिनपगारी, फाइल कुणाच्या टेबलावर. पुढच्या अधिवेशनात ती वही हातात धरून उभा राहिलो, तेव्हा 'अंशतः'वर भागलं नाही. नावानिशी उत्तरं द्यावी लागली आणि काही फाइली हलल्या. वह्या तपासायची आपली सवय सभागृहात फार कामाला येते गं, ती सोडू नकोस.

एक सवय मात्र टाकावी लागेल. वर्गात आपण बोलतो आणि मुलं ऐकतात. ग्रामसभेत हंडा घेऊन आलेली बाई तुझ्यावर ओरडेल. तिला मध्येच दुरुस्त करू नकोस. टँकर कोणत्या वारी येतो, ते तिला तोंडपाठ असतं.

केरळच्या के. के. शैलजांचं बघ. कन्नूर जिल्ह्यातल्या शाळेत त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. १९९६ मध्ये आमदार झाल्या, नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती २००४ मध्ये. २०१८ मध्ये निपाहची साथ आली तेव्हा त्या आरोग्यमंत्री होत्या. २०२१ मध्ये मट्टन्नूरने त्यांना साठ हजारांहून अधिक मताधिक्य दिलं. लोक आजही त्यांना 'शैलजा टीचर'च म्हणतात. मला त्या हाकेचा हेवा वाटतो.

राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो कपाटातच राहू दे. दिवाळीच्या सुट्टीत घरी ये. येताना तुझ्या केंद्रातल्या शाळांचे पाच प्रश्न लिहून आण, प्रत्येकाखाली गाव, आकडा आणि तारीख. सुरुवात 'हे खरे आहे काय' इथूनच कर. मंत्र्यांची उत्तरं मी देईन.

तुझा,
सर